शेवटच्या पंक्तीचें पान

घरांतील सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर उरेल त्यावर भागविणें, ही आपल्याकडे गृहिणीची थोरवी मानली गेली. त्या थोरवीचें मोल मात्र तिच्या शरीरानें दिलें आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ५४ जणींना रक्तक्षय आढळला.

सरकारनें येथें काय करावें? केवळ लोहाच्या गोळ्या वांटून भागत नाहीं. घरीं नेलेला शिधा सर्वांत वांटला जातो आणि जिच्यासाठीं तो आणला, तिच्या वांट्यास घांसभरच येतो. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं आदिवासी भागांत सुरू केलेल्या अमृत आहार योजनेंत हें मर्म ओळखलेलें दिसतें. गरोदर व स्तनदा मातेनें अंगणवाडींतच बसून एक वेळचें ताजें, पोटभर जेवण जेवावें, अशी तिची कल्पना आहे. असें जेवण, रक्ततपासणी व गोळ्या यांची सांगड शहरांतील गरीब वस्त्यांतूनहि घालतां येईल.

परंतु आपल्या माजघरापर्यंत सरकारचा हात पोंचत नाहीं. तेथील पंक्तीचा क्रम वडीलधाऱ्यांनींच बदलला पाहिजे. गरोदर सुनेचें पान आधीं मांडावयास कायदा कशाला हवा?