हेलिकॉप्टरचा पायलट पुन्हा शाळेत का जातो?



गेल्या हिवाळ्यात ठाण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, ऐंशी ओलांडलेली, पण आवाज अजून खणखणीत. म्हणाली, "अगं, नातू नेव्ही सोडतो म्हणतो. इतकी वर्षं हेलिकॉप्टर चालवलं, आता प्रवासी विमान चालवणार म्हणे, आणि त्यासाठी परत शाळेत जाणार! पैसे लागतील म्हणून मी फिक्स्ड डिपॉझिट मोडायला निघालेय. तू तिथे आहेस, जरा बघ, पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

हा नातू इथे इंग्लंडमध्येच वाढला. कॉर्नवॉलला कल्ड्रोज म्हणून नेव्हीचा हवाई तळ आहे, तिथे तो मर्लिन हेलिकॉप्टर चालवतो. वय ३८, नोकरी १८ वर्षं, बायको आणि दोन मुलं. मी त्याला एका रविवारी जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधातली माशांची आमटी केली, आणि जेवण झाल्यावर जुनी वही काढून समोर बसले. वॉर्डात नवीन पेशंट आला की आम्ही नर्सेस हिस्टरी घ्यायचो, तशी त्याची हिस्टरी घेतली. नंतर मी स्वतःही पुष्कळ वाचलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांची नातवंडं या ना त्या देशात सैन्यात आहेत, म्हणून जे कळलं ते इथे लिहिते.

माझा पहिला प्रश्न ताईचाच होता. अरे, तू पायलट आहेसच, मग शाळा कसली?

उत्तर असं की सैन्याने दिलेले पंख हे सैन्यापुरतेच. पैसे घेऊन प्रवासी नेायचे तर ब्रिटनमध्ये सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचं, म्हणजे सीएएचं लायसन्स लागतं. त्यातही हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं आणि विमानाचं वेगळं. सैन्यातल्या अनुभवाबद्दल सीएए काही सूट देते, पण लायसन्स आयतं हातात ठेवत नाही.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे प्रिन्स विल्यम. ते रॉयल एअर फोर्सकडून वेल्समधल्या अँगलसी बेटावर सी किंग हेलिकॉप्टर चालवत, समुद्रात आणि डोंगरात अडकलेल्या माणसांना सोडवत. २०१३ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. मग एअर अँब्युलन्सवर जायचं ठरवलं तेव्हा राजपुत्र असूनही नागरी लायसन्ससाठी त्यांना अभ्यासाला बसावं लागलं, १४ लेखी परीक्षा आणि वर उड्डाणाची परीक्षा. २०१५ च्या जुलैपासून २०१७ च्या जुलैपर्यंत त्यांनी केंब्रिजहून ईस्ट अँग्लियन एअर अँब्युलन्सचं हेलिकॉप्टर चालवलं. त्यांचं तर हेलिकॉप्टरवरून हेलिकॉप्टरवरच जाणं होतं. आमच्या नातवाला वाहनच बदलायचंय.

आता वाहन बदलायचं म्हणजे काय, ते त्याने मला टेबलावर चमचे-काटे मांडून समजावलं.

हेलिकॉप्टरच्या पायलटच्या डाव्या हाताला एक दांडा असतो. तो वर ओढला की डोक्यावरच्या पात्यांचा कोन वाढतो आणि हेलिकॉप्टर उचललं जातं. उजव्या हातात दुसरा दांडा, तो जिकडे कलवाल तिकडे यंत्र जातं. पायाखालच्या पॅडलनी शेपटीचा पंखा सांभाळायचा. दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत कामात. आणि मुख्य गोष्ट ही की हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं राहू शकतं. उतरताना पायलट वेग कमी कमी करत शून्यावर आणतो आणि मग खाली टेकतो. वेग कमी केला की सुरक्षित, असं अंगात मुरलेलं असतं.

विमानाचं नेमकं उलटं. त्याचे पंख हलत नाहीत, पंखांवरून वारा वाहिला तरच ते तरंगतं. म्हणजे पुढे धावत राहणं हाच त्याचा श्वास. एअरबस ए३२० सारखं विमान धावपट्टीला टेकतं तेव्हासुद्धा ताशी साधारण २५० किलोमीटरने धावत असतं. वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर उचललं गेलं तर पंखांची उचल जाते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असतं, तरी विमान खाली पडू लागतं. त्यातून बाहेर पडायचं तर नाक खाली करायचं. पडत असताना नाक आणखी खाली करायला मन तयार होत नाही, म्हणून त्याचा सराव लागतो. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान असंच स्टॉलमध्ये जाऊन अटलांटिक समुद्रात पडलं आणि २२८ माणसं गेली. ते पायलट हेलिकॉप्टरचे नव्हते, विमानाचेच होते. पण त्या आणि तशा अपघातांनंतर नियम कडक झाले. आता एअरलाइनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक नव्या पायलटला विमान वेडंवाकडं झालं तर ते सरळ कसं करायचं याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. हे ऐकून मला जरा हायसं वाटलं, कारण मी वर्षातून एकदा मुंबईला विमानानेच येते.

बसण्याची जागासुद्धा बदलते. हेलिकॉप्टरचा मुख्य पायलट बहुतेक वेळा उजवीकडे बसतो, विमानाचा कॅप्टन डावीकडे. नातू हसून म्हणाला, "आजी, उजवी सीट माझ्या सवयीची आहे, आणि नवीन माणसाला तिथे तीच मिळते!"

अर्थात अगदी कोऱ्या पाटीने तो जात नाही. ब्रिटनच्या सैन्यात हेलिकॉप्टर पायलटचीही सुरुवात छोट्या विमानावर होते. मग श्रॉपशायरमधल्या शॉबरीला हेलिकॉप्टर शिकवतात. ढगात, अंधारात नुसत्या काट्यांकडे बघून उडायचं त्याला येतं. वायरलेसवर बोलणं, हवामान वाचणं, संकटात डोकं थंड ठेवणं, हे तर येतंच. सैन्यातले हेलिकॉप्टरवाले कुठे कुठे पोचलेत बघा. टिम पीक आर्मीमध्ये हेलिकॉप्टरच चालवायचे, आणि २०१५ च्या डिसेंबरात ते अंतराळ स्थानकावर गेले.

पण कायदा कायदा असतो. विमानाचं सर्वोच्च लायसन्स मिळायला १५०० तास उड्डाण लागतं. हेलिकॉप्टरचे तास त्यात जास्तीत जास्त अर्ध्यापर्यंत धरतात. समजा एखाद्याने सैन्यात ३००० तास काढलेत, तरी अर्धी गरज विमानावरच भरून काढायची. तोवर तो सहवैमानिक म्हणून काम करू शकतो, पण कॅप्टन नाही.

हे ऐकून मी वही बाजूला ठेवली, कारण मला माझे दिवस आठवले. मुंबईचा तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा आणि वर दोन वर्षांचा वॉर्डाचा अनुभव घेऊन मी सत्तरच्या दशकात इथे आले. एका हॉस्पिटलात मला सांगितलं, तुमचे कागद तपासून होईपर्यंत ऑक्झिलरीचं काम करा. जिने मुंबईत रात्रपाळीला एकटीने ४० पेशंट सांभाळले, ती बेडपॅन धूत होती आणि एकोणीस वर्षांची मुलगी तिला नाडी कशी बघायची ते शिकवत होती. राग यायचा. नातवालाही हेच होणार. काल जो स्वतः हेलिकॉप्टरचा कमांडर होता, तो उद्या दहा वर्षांनी लहान असलेल्या कॅप्टनच्या शेजारी बसून चेकलिस्ट वाचणार. मी त्याला स्पष्ट विचारलं, हे पचेल का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बघू." मला ते उत्तर खरं वाटलं.

आता लेखी परीक्षा. विल्यमच्या वेळी १४ पेपर होते, आता १३ आहेत. हवाई कायदा, हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, विमानाची यंत्रणा, वजन आणि तोल, माणसाच्या शरीराच्या मर्यादा असे विषय. पास व्हायला ७५ टक्के लागतात आणि पहिल्या पेपरनंतर १८ महिन्यांत सगळे संपवायचे. त्यानंतर दोन इंजिनांचं विमान, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मग दोन पायलटनी मिळून काम कसं करायचं त्याचा कोर्स. नोकरी लागल्यावर त्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, बरंचसं सिम्युलेटरवर. मग रिकामं विमान घेऊन टेकऑफ-लँडिंगचा सराव, आणि शेवटी प्रवाशांसह, पण शेजारी शिकवणारा कॅप्टन. आमच्यासारखंच की! पहिलं इंजेक्शन पुतळ्याला, पेशंटला देताना सिस्टर शेजारी उभी.

मेडिकलबद्दल मात्र मी त्याला शिकवलं, त्याने मला नाही. एअरलाइनसाठी क्लास वन मेडिकल लागतं. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, सगळं. रंग ओळखायला ठिपक्यांची इशिहाराची पानं दाखवतात. चष्मा चालतो, पण चष्म्यासकट दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं. वयाच्या चाळिशीनंतर ईसीजी दरवर्षी. साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी, आणि ६५ ला एअरलाइनचं उड्डाण बंद. हेलिकॉप्टरवाल्यांची दोन दुखणी मला आधीच माहीत होती, कंबर आणि कान. तासन्‌तास वाकून बसणं आणि वर ती थरथर, त्याने पाठ धरते. आवाजाने वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून मी म्हटलं, बाबा, एक पौंड खर्च करायच्या आधी हे मेडिकल कर. शाळेची फी भरून मग कानात दोष निघाला तर काय करशील? पुष्कळ मुलं हेच उलटं करतात.

आता ताईच्या डिपॉझिटचा प्रश्न. शून्यापासून एकाच शाळेत सलग शिकायचं तर ब्रिटनमध्ये लाखभर पौंड सहज जातात. सैन्यातून येणाऱ्याला तुकड्या-तुकड्याने शिकता येतं, त्यामुळे बरंच कमी लागतं, तरी हजारोंनी पौंड लागतातच. सैन्याची शिक्षणासाठी मदत मिळते, ती वर्षाला जास्तीत जास्त २००० पौंड आणि तीन वर्षांपुरती. म्हणजे जेवणात लोणच्याएवढी.

आणि शाळा बुडतात. २०२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये डंडीची एक जुनी नावाजलेली शाळा एकाएकी बंद पडली, आणि आगाऊ फी भरलेल्या मुलांचे पैसे अडकले. म्हणून सगळी फी एकदम भरायची नाही. जेवढं शिकलं तेवढं द्यायचं. शक्य असेल तिथे क्रेडिट कार्डाने द्यायचं, कारण इथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत दुकानदार बुडाला तर कार्ड कंपनीकडे पैसे मागता येतात. बँकेतून सरळ ट्रान्सफर केले तर ते संरक्षण नाही. ताईचा चेक तर अजिबात नको.

पण सगळ्यात मोठी गोष्ट फीची नव्हतीच, ती मला वहीत तारखा लिहिताना दिसली. सैन्याच्या २०१५ च्या पेन्शन योजनेत वयाची ४० आणि नोकरीची २० वर्षं पूर्ण करून बाहेर पडलं तर एकरकमी पैसे मिळतात आणि पुढे पेन्शनच्या वयापर्यंत दरमहा काही उत्पन्न. आमचा नातू ३८ वर्षांचा, १८ वर्षं झालेली. दोन वर्षं आधी राजीनामा दिला तर ते सगळं गेलं! त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण एअरलाइनमध्ये आता भरती चालू आहे, उद्या बंद होईल, ही धास्ती होती. धास्ती खोटीही नाही. २०२० मध्ये कोविडने किती पायलट घरी बसले ते आपण पाहिलंय. त्याच्या बायकोने मात्र पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाली, "मी हेच सांगतेय सहा महिने."

दोन तास घोळ चालला. शेवटी असं ठरलं की नोकरी सोडायची नाही. मेडिकल आधी. पेपर नोकरीत राहून, रात्री अभ्यास करून द्यायचे. राजीनाम्याची नोटीस हिशोबाने, चाळिशी गाठेल अशी. ४० व्या वर्षी विमानात गेला तरी ६५ पर्यंत २५ वर्षं आहेत.

ताईला रात्री फोन केला. म्हटलं, डिपॉझिट मोडू नकोस, निदान आत्ता तरी नको. ती जरा नाराज झाली. नातवासाठी काही करायला मिळत नाही याचं तिला वाईट वाटलं असावं. मग म्हणाली, "पुस्तकांचे पैसे तरी देऊ दे." ते मात्र मी अडवलं नाही.

मेडिकल झालं. कानात वरच्या पट्टीला थोडी घट निघाली, पण नियमात बसणारी. कंबरेसाठी मी त्याला व्यायाम लिहून दिलाय, करतो की नाही देव जाणे. आतापर्यंत चार पेपर झाले, हवामानशास्त्रात ८१ मिळाले. पुढच्या महिन्यात माणसाच्या शरीराचा पेपर आहे. त्यासाठी तो माझ्याकडेच येणार आहे राहायला, आणि ताईने फोनवर बजावलंय की या वेळी आमटीत मिरची कमी घाल.