लेसर घेताना आधी वस्तू, मग वॅट

घरी लेसर घ्यायचाय? आधी ठरवा, कापायचं काय. डायोड लेसरचा निळा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटरचा. पातळ प्लायवुड, पुठ्ठा यांवर तो छान चालतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून मात्र आरपार निघून जातो. त्यासाठी १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेसर हवा. तो मोठा, महाग. त्याची काचेची नळी पाण्यानं थंड ठेवावी लागते. जाहिरातीतले वॅट विजेचे की किरणाचे, हे विचारून घ्या. साधा गॉगल डोळे वाचवत नाही. त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा घ्या, झाकणबंद मशीन त्याहून बरं. पीव्हीसी किंवा त्याचं रेक्झिन कधीच कापू नका: त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुफ्फुसांना घातक, मशीनही गंजवतो. धूर घराबाहेर सोडा, आणि काम चालू असताना मशीनजवळून हलू नका.