आधी माती पाहा, मग यंत्र घ्या

सप्टेंबर १९८०. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगोवर गावाजवळ केविन हिलियर यांचा मेटल डिटेक्टर वाजला. त्यांनी उकरायला घेतलं आणि जेमतेम फूटभर खाली सापडला २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा! 'हँड ऑफ फेथ' या नावाने गाजलेला हा गोळा लास व्हेगासच्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला.

अशा गोष्टी ऐकून नवखा माणूस दुकानात शिरतो आणि सगळ्यात महागडं यंत्र मागतो. खरं तर आधी सांगायला हवं, ते फिरणार कुठे हे.

डिटेक्टरच्या तळाशी असलेली चकती, म्हणजे कॉइल, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे पुरलेल्या धातूत क्षीण वीज खेळते आणि तिची चाहूल यंत्राला लागते. पण व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या पट्ट्यात माती लोहयुक्त. तिथे सतत लहरी सोडणारं व्हीएलएफ यंत्र मातीलाच धातू समजून उगाच कुरकुरत राहतं. थांबून थांबून स्पंदनं सोडणारं पल्स इंडक्शन यंत्र मात्र त्याच मातीत शांतपणे खोलवर जातं. त्याचा दोष एवढाच, की लोखंड आणि सोनं यांतला फरक त्याला भरवशाने कळत नाही. जुन्या खाणकामगारांच्या वस्तीवर फिरलात, तर गंजलेला प्रत्येक खिळा उकरायची तयारी हवी.

माती सौम्य असेल तर व्हीएलएफच बरं. फिशरचं 'गोल्ड बग २' हे ७१ किलोहर्ट्‌झवर चालतं. एवढ्या वरच्या वारंवारतेवर तांदळाच्या दाण्याहून लहान सोन्याचा कणही हाती लागतो. जुनी नाणी शोधायची असतील, तर कमी किंवा अनेक वारंवारतांवर चालणारं, खिळे गाळून टाकणारं यंत्र घ्यावं. मात्र सगळाच कचरा गाळायच्या फंदात पडू नये. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी पडद्यावर बरेचदा सारखाच आकडा दाखवतात. कडी टाळली, की अंगठीही गेली!

यंत्राइतकाच परवानाही महत्त्वाचा. व्हिक्टोरियात 'मायनर्स राइट' काढावा लागतो, तो दहा वर्षं चालतो. आपल्याकडे १८७८चा गुप्तधन कायदा आहे. त्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.