बोट इतकी हळू का चालवता?



धडगाव-अक्कलकुवा भागातील नर्मदाकाठच्या पाड्यांवर आमच्याबरोबर आलेले पाहुणे बहुधा एकच प्रश्न विचारतात : इंजिन २५ हॉर्सपॉवरचे, मग बोट इतकी हळू का? पाड्यावर आजारी माणसे वाट पाहत असतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. आपल्याच देणगीतून पेट्रोल येते, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

सरदार सरोवरामुळे नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली. पाणी डोंगरांच्या घळींत शिरले, पायवाटा बुडाल्या, आणि कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता उरला. पेट्रोल मात्र कॅनमध्ये भरून घाटातून जीपने आणावे लागते. म्हणून तासाला किती लिटर जळले यापेक्षा एका लिटरमध्ये किती किलोमीटर गेलो, हाच हिशेब आमच्या कामाचा.

बोट पाणी सारत पुढे जाते तेव्हा तिच्याबरोबर एक लाट चालते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. ती बोटीइतकी लांब झाली की पुढे बोटीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. हा वेग काढण्याची जुनी रीत आहे : बोटीचा जितका भाग पाण्यात आहे त्याची फुटांतील लांबी घ्या, तिचे वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येते. २२ फुटांच्या बोटीला ते सुमारे ६.३ नॉट, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास. त्याच्या खाली राहिले की पेट्रोल कमी जळते.

सपाट बुडाची हलकी बोट हा चढ ओलांडून पाण्याच्या वर येते आणि घसरत धावते. पण औषधांच्या पेट्या, सात-आठ माणसे आणि कोणाचे तरी ज्वारीचे पोते असेल, तर २५ हॉर्सपॉवरला ते जमत नाही. पूर्ण रेस दिली तरी ती मध्येच अडकते. नाक वर, बूड खाली, मागे मोठी लाट, इंजिनाचा आवाज तर विचारू नका! बघणाऱ्याला वाटते, काय सुसाट चालली आहे. खरे तर हाच सर्वांत महागडा वेग.

समजा जाऊन-येऊन ३० किलोमीटर आहे. पूर्ण रेसवर असे इंजिन तासाला साधारण ९ लिटर पिते. भरलेली बोट ताशी १५ ने गेली तर दोन तासांत १८ लिटर संपले. ताशी ९ ने जाताना तासाला अडीच लिटर लागले असे धरा. सव्वातीन तासांहून थोडा अधिक वेळ, पण पेट्रोल साडेआठ लिटरच्या आत. वाचलेल्या पेट्रोलात दुसरी फेरी होते.

प्रत्येक बोटीचा आकडा वेगळा, म्हणून तो मोजूनच काढावा. मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहायचा, तेच अंतर दोन्ही दिशांनी कापायचे म्हणजे वाऱ्याचा फरक जातो, आणि टाकी पुन्हा खुणेपर्यंत भरताना किती लिटर लागले ते वहीत लिहायचे. पंख्याचे पाते वाकले असेल, बुडात पाणी साचले असेल, तर आकडा लगेच घसरतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. तेव्हा पंखा वाचवण्यासाठीही सावकाशच जावे लागते.

अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला मुलगा असेल तर? तेव्हा नुसती रेस वाढवून भागत नाही, आधी ओझे उतरवावे लागते. पेट्या काठावर ठेवायच्या, बुडातले पाणी उपसायचे, रोग्याबरोबर एकच माणूस घ्यायचा आणि त्याला पुढच्या बाजूला बसवायचे. मग तीच बोट लाटेवर चढते आणि धावते.

यासाठी एक नियम आम्ही मोडत नाही : एक तृतीयांश पेट्रोल जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी, आणि उरलेले कॅनमध्ये शिल्लक.