‘यूजर’ नावाचा कॉलम

वाकोला नाल्याच्या काठच्या वस्त्यांत पावसाळ्यात घरात किती पाणी शिरतं, याचा आमचा छोटा सर्व्हे होता. हा नाला पुढे मिठीला मिळतो आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, त्यामुळे लोक भरभरून बोलतात. आम्ही सहा जण फॉर्म भरायचो. एक्सेलच्या कॉलमांना मी सुचतील ती नावं दिली: ग्रुप, ऑर्डर, यूजर. यूजर म्हणजे फॉर्म भरणारा.

आता गंमत बघा. हे तिन्ही शब्द एसक्यूएलने स्वतःसाठी राखून ठेवलेत. पण मी टेबल पायथनमधल्या पांडाजने पोस्टग्रेसमध्ये चढवला, आणि तो असे शब्द दिसले की गुपचूप दुहेरी अवतरणात टाकतो. टेबल बिनतक्रार तयार!

मग हाताने क्वेरी लिहिली. ‘ऑर्डर’ आणि ‘ग्रुप’वर लगेच एरर आली. ती बरी, निदान कळतं तरी. ‘यूजर’वर मात्र काहीच आलं नाही. कोणी किती फॉर्म भरले हे विचारलं, तर उत्तरात एकच ओळ: सगळे फॉर्म ‘पोस्टग्रेस’ने भरलेले. कारण अवतरणाशिवाय लिहिलेला यूजर म्हणजे तुमचा कॉलम नव्हे, तर डेटाबेसमध्ये आत्ता लॉगिन केलेला माणूस. माझ्या लॅपटॉपवर लॉगिनचं नाव माझंच असतं, तर मी ते खरं मानून पुढे गेलो असतो का? बहुधा हो.

अवतरण द्या किंवा कॉलमच्या आधी टेबलचं नाव आणि टिंब लावा, काम होतं. पण मायएसक्यूएलमध्ये नेहमीच्या सेटिंगला दुहेरी अवतरण म्हणजे नुसता मजकूर. तिथे बॅकटिक लागतो. शिवाय यादी वाढते: ‘रँक’ हा शब्द मायएसक्यूएलने ८.० मध्ये, म्हणजे २०१८ साली, राखीव केला. जुन्या प्रोजेक्टच्या चालत्या क्वेरी अपग्रेडनंतर अडतात त्या अशा. म्हणून फॉर्म छापायच्या आधीच नावं ठरवा; पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये परिशिष्टात पूर्ण यादी आहे.

मी कॉलमचं नाव बदलून ‘नोंदकर्ता’ केलं आणि तीच क्वेरी पुन्हा चालवली. सहा ओळी आल्या. त्यात एकाचे पाण्याच्या उंचीचे आकडे बाकीच्यांपेक्षा सरसकट जास्त. विचारलं, तर तो उंबऱ्याऐवजी रस्त्यापासून मोजत होता.