कामाच्या ठिकाणी मनोबल: चूक सांगण्याची मुभा महत्त्वाची

रात्रपाळीत एका रुग्णाला औषधाची चुकीची मात्रा दिली गेल्याचे परिचारिकेच्या लक्षात येते. चूक तत्काळ सांगितल्यास रुग्णाची हानी टळू शकते. मात्र ती सांगावी की दडवावी, हा निर्णय केवळ तिच्या मनोधैर्यावर अवलंबून नसतो. वॉर्डातील वरिष्ठ काय म्हणतील, या अंदाजावर तो बराचसा ठरतो.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास करताना याची अनपेक्षित प्रचिती आली. ज्या चमूंतील परस्परसंबंध उत्तम, तेथे औषधांच्या चुका कमी आढळतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे नेमके उलट निघाले. बारकाईने पाहता, ते चमू अधिक चुका करीत नसून त्या अधिक मोकळेपणाने नोंदवीत असल्याचे दिसून आले. जेथे वरिष्ठांचा धाक होता, तेथे चुका दडपल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे १९९९ मध्ये, एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासावरून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना विशद केली. शंका विचारल्याने, चूक कबूल केल्याने किंवा मदत मागितल्याने आपला पाणउतारा होणार नाही, हा गटातील सर्वांचा विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. एकमेकांशी केवळ गोड बोलावे, असा याचा अर्थ नव्हे. काम कठोरपणे तपासले जावे. काम करणाऱ्याची चारचौघांत शोभा होऊ नये, एवढेच.

आघातानंतर पुन्हा सावरण्याची क्षमता, अर्थात भावनिक लवचिकता, हा सामान्यतः व्यक्तीचा गुण मानला जातो. त्यामुळे ताण वाढला की अनेक कार्यालयांत ध्यानधारणेचे शिबिर भरविले जाते. त्याचा काहींना उपयोगही होतो. परंतु शिबिर संपताच कर्मचारी त्याच टेबलाशी, त्याच साहेबांसमोर परततो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती असल्याचे स्पष्ट केले. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचे व्यवस्थापन नीट न झाल्याने ती उद्भवते. थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची लक्षणे होत. याच संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यवस्थापकांना मानसिक आरोग्याविषयी प्रशिक्षण देण्याची शिफारस प्रथमच केली. उपाययोजना वरिष्ठांपासून सुरू व्हावी, हे त्यामागील सूत्र रास्तच म्हणावे लागेल.

सहकाऱ्यांनाही बरेच काही करता येते. तक्रार तिसऱ्याकडे न नेता संबंधितांशी एकांतात बोलणे, नवख्याची शंका हसण्यावारी न नेणे, श्रेय वाटून घेणे या साध्या गोष्टींतून विश्वास वाढतो. छळ होत असल्यास मात्र सहनशीलतेचा उपदेश गैरलागू ठरतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

ताण असह्य झाल्यास केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा निःशुल्क असून दिवसरात्र उपलब्ध असते.