एकाच पॅनेलमध्ये दोन ‘सीआर ३०५’

कुठल्याही कारखान्यातलं कंट्रोल पॅनेल उघडा. प्रत्येक रिले, कॉन्टॅक्टर, फ्यूजवर छोटा स्टिकर दिसेल. के१, क्यू२, एफ३. ड्रॉइंगवरही हेच नाव, म्हणजे टॅग. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाला आधी ड्रॉइंग पाहतो आणि मग तो टॅग शोधत पॅनेलमध्ये शिरतो. एका नावाचे दोन रिले निघाले, तर अख्खी शिफ्ट पाण्यात.

टॅगमधली अक्षरं सहसा त्रास देत नाहीत. आयईसी ८१३४६ या आंतरराष्ट्रीय मानकात मोटारचा पॉवर कॉन्टॅक्टर क्यू, कंट्रोलचा रिले के. अमेरिकी पद्धतीत कंट्रोल रिले सीआर, पुशबटन पीबी, लिमिट स्विच एलएस. घोळ होतो तो पुढच्या आकड्यात. हा आकडा आता ड्राफ्ट्समन नव्हे, सॉफ्टवेअर घालतं.

ऑटोकॅड इलेक्ट्रिकलचंच घ्या. त्यात आकडा दोन रीतींनी पडतो. एक सरळ क्रमाने: १, २, ३. दुसरी जागेवरून: तिसऱ्या शीटवरच्या शिडीसारख्या आकृतीच्या (लॅडरच्या) ३०५ क्रमांकाच्या ओळीवर रिलेची कॉइल ठेवली, की तो सीआर ३०५. त्याच ओळीवर दुसरा रिले आला, तर त्याला ‘ए’ वगैरे शेपूट लागतं. दुसरी रीत मला अधिक आवडते, कारण नाव वाचताच पान आणि ओळ कळते. पण तिची गोम अशी, की कॉइल ३१२ व्या ओळीवर सरकवून नंतर पुन्हा टॅगिंग केलं, तर रिलेचं नावच बदलतं. पॅनेलवरचा स्टिकर मात्र ३०५ च राहतो.

‘सेटिंग तर बरोबर केलंय, तरी नंबर चुकीचा येतो’ ही ड्रॉइंग ऑफिसातली नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा सेटिंग बरोबरच असतं, फक्त भलत्या जागी केलेलं असतं. नंबरचा नियम प्रत्येक ड्रॉइंगच्या पोटात, डब्ल्यूडी_एम नावाच्या न दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये साठवलेला असतो. प्रोजेक्टच्या पातळीवर नियम बदलला, म्हणून आधीच्या ड्रॉइंगमधला नियम आपोआप बदलत नाही. जुन्या कामातलं शीट उचलून नव्या प्रोजेक्टात टाकलं, की ते आपला जुना नियम घेऊनच येतं, सासरी आलेल्या सुनेने माहेरची चहाची रीत चालू ठेवावी तसं. एका शीटवर सरळ क्रम आणि शेजारच्यावर ओळीचा नंबर, हे असं होतं. शिवाय नंबर आधी वापरलाय का, हे सॉफ्टवेअर चालू प्रोजेक्टच्या यादीतच तपासतं. ड्रॉइंग त्या यादीत नसेल, किंवा प्रोजेक्टचा डेटाबेस शिळा झाला असेल, तर आधी दिलेला नंबर त्याला मोकळाच वाटतो.

याहून चिवट घोळ कॉइल आणि कॉन्टॅक्टच्या नात्यात आहे. रिलेची कॉइल तिसऱ्या शीटवर आणि तिचे कॉन्टॅक्ट सातव्यावर असू शकतात. त्यांना जोडणारी रेघ ड्रॉइंगमध्ये नसते. जोडतो तो फक्त टॅगचा मजकूर. कॉइलच्या टॅग१ या खान्यात आणि कॉन्टॅक्टच्या टॅग२ मध्ये अक्षर न् अक्षर सारखं असलं, तरच ते एका रिलेचे. अमेरिकी ड्रॉइंगमध्ये कॉइलशेजारी कॉन्टॅक्टच्या ओळींचे आकडे छापले जातात आणि नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टचा आकडा अधोरेखित असतो. ही सगळी यादी त्याच मजकुरावरून बनते. कोणी हाताने टाइप करताना शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ मारला, तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण तो कॉन्टॅक्ट पोरका होतो. साध्या कॉपी कमांडने कॉइल उचलली, तर टॅगही जसाच्या तसा उतरतो, आणि एका कॉन्टॅक्टवर दोन कॉइल हक्क सांगतात. कंपोनंट कॉपी करायची वेगळी कमांड आहे, ती नवा टॅग देते. तरी घाईत बोटं सवयीच्या कमांडकडेच जातात.

अशा वेळी अनेक जण सगळं प्रोजेक्ट एकदम रीटॅग करून मोकळे होतात. पॅनेल अजून कागदावरच असेल तर खुशाल करावं. स्टिकर छापून वायरिंग झालं असेल, तर ड्रॉइंग नीटनेटकं होईल आणि पॅनेलशी त्याचा काडीमोड होईल. ते टाळण्यासाठी टॅग ‘फिक्स’ करायची सोय आहे. फिक्स केलेल्या टॅगला रीटॅग हात लावत नाही. मध्ये एखादा रिले वगळल्याने के६ नंतर थेट के८ आला, तरी बिघडत काहीच नाही. नावं ओळखीसाठी असतात, मोजणीसाठी बीओएम, म्हणजे सामानाची यादी, आहे.

तेव्हा ड्राफ्ट्समन मंडळींनो, नंबर चुकला की आधी त्या ड्रॉइंगची स्वतःची सेटिंग्ज पाहा, मग ते प्रोजेक्टच्या यादीत आहे का हे बघा, डेटाबेस पुन्हा बनवा आणि इलेक्ट्रिकल ऑडिट चालवा. दुहेरी टॅग आणि पोरके कॉन्टॅक्ट त्यात सापडतात. पॅनेल रवाना झाल्यावर मात्र टॅग बदलू नका, आणि बदललाच तर नवा स्टिकरही पाठवा.